पट्टी हातात देण्याआधी

पाचवीच्या वर्गात एक छोटी चाचणी घेऊन पाहा. पुठ्ठ्याची पट्टी कापा आणि तिच्यावर सेंटीमीटरच्या खुणा करा. मात्र सुरुवात शून्यापासून न करता ३ पासून करा, म्हणजे पुढचा भाग मोडलेली पट्टी तयार होईल. एक काडी ३ च्या खुणेपासून ८ च्या खुणेपर्यंत ठेवा आणि विचारा, ‘काडी किती लांब आहे?’ बरीच मुले ‘८’ म्हणतात, कारण काडीच्या टोकाशी असलेला आकडा वाचायचा एवढेच त्यांच्या डोक्यात बसलेले असते. काही ‘६’ म्हणतात; त्यांनी ३ पासून ८ पर्यंतच्या खुणा मोजलेल्या असतात. जी ‘५’ म्हणतात त्यांनी दोन खुणांमधल्या जागा मोजल्या. लांबी मोजणे म्हणजे काय, हे त्यांना कळले आहे.

‘८’ म्हणणारी मुले ‘३ मीटर २५ सेंटीमीटर म्हणजे किती सेंटीमीटर’ हे उदाहरण बहुधा अचूक सोडवतात. रूपांतर येते, मोजता येत नाही, अशी ही अवस्था. तिचे कारण शिकवण्याच्या क्रमात आहे. मुलाला काही मोजावेसे वाटण्याआधीच आपण त्याच्या हातात पट्टी देतो आणि फळ्यावर कोष्टक लिहितो. हा क्रम बदलायला हवा. आधी गरज, मग दोन वस्तूंची थेट तुलना, मग मुलांचे स्वतःचे एकक आणि त्यानंतर सगळ्यांचे प्रमाणित एकक. पुढचे सगळे उपक्रम याच क्रमाने मांडले आहेत. प्रत्येकाची सुरुवात अशा प्रश्नाने होते, ज्याचे उत्तर मोजल्याशिवाय मिळत नाही. मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत, असे प्रश्न मुलांच्या अवतीभवती रोज असतात.

आधीची तयारी

खर्चिक साहित्य लागत नाही. सुतळी, खडू, पुठ्ठा, वर्तमानपत्रे, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, औषधाच्या १० मिलीच्या सुई नसलेल्या सिरिंज, कपड्यांचे हँगर आणि दह्याचे रिकामे डबे जमवा. हँगरच्या दोन्ही टोकांना सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी डबे टांगले की तराजू तयार होतो. वजने मुलांनाच बनवू द्या. १ मिली पाण्याचे वस्तुमान जवळजवळ १ ग्रॅम असते. म्हणून सिरिंजने मोजून १०० मिली पाणी एका डब्यात घातले आणि दुसऱ्या डब्यात ठेवलेल्या पिशवीत वाळू टाकत तराजू समतोल केला, की १०० ग्रॅमचे वजन हाती येते.

याशिवाय प्रत्येकाची एक ‘अंदाज वही’ हवी. तिच्यात चार रकाने असावेत: काय मोजले, अंदाज, प्रत्यक्ष माप आणि फरक. अंदाज लिहिल्याशिवाय मोजायचे नाही, हा नियम पहिलीपासून दहावीपर्यंत पाळा. अंदाज खोडून माप लिहायची मुलांना फार सवय असते, कारण चुकलेला अंदाज त्यांना चुकलेले उत्तर वाटते. अंदाजाला गुण नाहीत आणि लाल शाईही नाही, हे स्पष्ट सांगा. महिन्याभराने ‘फरक’ या रकान्यातले आकडे लहान होत गेलेले मुलांनाच दिसतील.

पहिली आणि दुसरी: तुलना आणि माझे माप

वर्गातल्या कपाटाकडे बोट दाखवून विचारा, ‘हे कपाट न हलवता सांगा, ते या दारातून बाहेर जाईल का?’ मुले आधी डोळ्यांनी ठरवतील, मग वाद घालतील. सुतळी समोरच ठेवा, पण तिचे काय करायचे ते सांगू नका. कपाटाची रुंदी सुतळीवर घेऊन ती दाराशी नेता येते, हा शोध त्यांचा त्यांनाच लागू द्या. इथे एकही आकडा नाही, तरी हे मोजमापच आहे.

मग विती आणि पावले आणा. एकच टेबल सगळ्यांनी आपापल्या वितीने मोजावे आणि आकडे फळ्यावर लिहावेत. कुणाच्या नऊ विती होतील, कुणाच्या अकरा, बाईंच्या सातच. ‘टेबल तर एकच आहे, मग आकडे वेगळे का?’ या प्रश्नावर घाई करू नका. हात लहान असेल तर आकडा मोठा येतो, हे मुलांच्या तोंडून आले पाहिजे. मोजताना दोन वितींमध्ये फट राहते का, एक वीत दुसरीवर चढते का, हे त्यांना एकमेकांचे तपासू द्या. पाचवीतल्या मोडक्या पट्टीवरची चूक इथेच टळते.

पाण्यासाठी एक उंच, अरुंद आणि एक बसकी, रुंद बाटली घ्या. एकाच पेल्याने दोन्हींत सारखेच पाणी ओता. कशात जास्त पाणी आहे असे विचारले, की पहिलीतली बरीच मुले उंच बाटली दाखवतात. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या विचारातला हा टप्पा बारकाईने अभ्यासला होता. ही चूक रागावून सुधारत नाही. पाणी परत पेल्यात ओतून, पुन्हा बाटल्यांत ओतून मुलांना हवे तितक्या वेळा पाहू द्या. वजनासाठी मोठा स्पंज आणि लहान दगड आधी हातात तोलायला द्या, मग तराजूत. वेळेसाठी डोळे मिटून बसवा आणि एक मिनिट झाले असे वाटले की हात वर करायला सांगा.

तिसरी ते पाचवी: सगळ्यांचे माप

प्रमाणित एककाची गरज भाषणाने पटत नाही, चिठ्ठीने पटते. तिसरीच्या एका तुकडीला एक दोरी द्या. शेजारच्या तुकडीने तेवढ्याच लांबीची पताका बनवायची आहे. दोरी मात्र पाठवायची नाही, चिठ्ठीत फक्त माप लिहायचे. ‘चौदा विती’ अशी चिठ्ठी जाईल आणि आलेली पताका दोरीशी जुळणार नाही. भांडण झाले की सेंटीमीटर आणा. १० सेंटीमीटरची पुठ्ठ्याची पट्टी प्रत्येकाने स्वतः खुणा करून बनवावी. तशा दहा पट्ट्या जोडून गटाने एक मीटर तयार करावा. शून्य कुठे असते, हे स्वतः पट्टी बनवणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

याच वयात घरातल्या आजी-आजोबांशी बोलण्याचा गृहपाठ द्या. आपल्याकडे शरीरावरून ठरलेली मापे होती: बोट, वीत, हात आणि दोन्ही हात पसरल्यावर होणारी वाव. धान्याच्या मापांत चिपटे, मापटे, शेर, अडशिरी, पायली अशी चढती साखळी होती आणि पुढचे माप मागच्याच्या दुप्पट असे. सोन्यासाठी ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा होता. प्रदेशागणिक मापे बदलत असल्याने व्यवहारात गोंधळ आणि फसवणूक व्हायची. म्हणून १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने देशभर मेट्रिक पद्धत आली. चिठ्ठीच्या खेळात दोन तुकड्यांमध्ये जे झाले, तेच संपूर्ण देशात घडत होते, हे मुलांना लगेच पटते.

जुनी मापे पुस्तकापुरती उरलेली नाहीत. मुलांना परिसरातल्या कामकरी माणसांशी बोलायला पाठवा. गवंडी आणि सुतार इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणतात. शिंपी इंचांच्या टेपने माप घेतो आणि कापड मात्र मीटरवर विकत घेतो. वेसाव्याच्या बाजारात मावशी काही मासळी किलोवर देतात, तर काही वाट्यावर. ‘वाटा’ कसा ठरवता, हे त्यांनाच विचारा. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले संशोधक अरिंदम बोस आणि के. सुब्रमणियम यांनी धारावीतल्या मुलांचे शाळेबाहेरचे गणित अभ्यासले आहे. घरातल्या, गल्लीतल्या कामधंद्यातून मुले मोजमापाचे बरेच ज्ञान घेऊन शाळेत येतात, हे अशा अभ्यासांतून दिसते. ते ज्ञान वर्गात बोलायला आणले नाही, तर गणिताच्या तासाशी त्याची गाठच पडत नाही. ज्याच्या घरी शिलाईकाम चालते, त्या मुलाला एखाद्या दिवशी फळ्यापाशी बोलवा आणि वर्गाला शिकवू द्या.

धारकतेसाठी पाण्यासारखा विषय नाही. असल्फाच्या टेकडीवर किंवा भांडुपच्या चढावर राहणाऱ्या मुलाला पिंप भरायला किती वेळ लागतो, हे पक्के ठाऊक असते. तेच आकड्यांत आणा. १ लिटरची बाटली नळाखाली किती सेकंदांत भरते? मग २०० लिटरचे पिंप किती मिनिटांत भरेल? शाळेतला गळका नळ सापडला तर त्याखाली मापाचे भांडे ठेवा. १० मिनिटांत २०० मिली पाणी जमले, तर तासाला १.२ लिटर आणि दिवसाला सुमारे २९ लिटर होतात. आठवड्याला एक पिंप पाणी वाया जाते. हा हिशेब मुलांनी मुख्याध्यापकांना लेखी द्यावा. मोजलेल्या आकड्याने नळ दुरुस्त होतो, हा अनुभव धड्यापेक्षा मोठा आहे.

क्षेत्रफळाची सुरुवात सूत्राने करू नका. जमिनीवर खडूने १ मीटर बाजूचा चौरस आखा आणि त्यात किती मुले उभी राहतात ते पाहा. वर्गाच्या जमिनीला किती चौरस लागतील, याचा अंदाज घ्या. फरशा मोजा. अर्ध्या फरशांचे काय करायचे, हे मुलांना ठरवू द्या. ‘लांबी गुणिले रुंदी’ हे मोजणीचे कष्ट वाचवणारे साधन आहे, हे कष्ट घेतल्यावरच कळते.

सहावी ते आठवी: माप आणि मापातली चूक

जूनमध्ये शाळा उघडल्या की पर्जन्यमापक बनवा. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली वरून कापा आणि कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. तळाच्या वाकड्या भागात खडे घालून सरळ भिंत सुरू होते तिथपर्यंत पाणी भरा. ती शून्याची खूण. रोज ठरलेल्या वेळी मिलिमीटरमध्ये नोंद करा आणि पाणी पुन्हा शून्यावर आणा. मोठ्यांनाही न उलगडणारा एक प्रश्न इथे विचारा: पाऊस लांबीच्या एककात का मोजतात? १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी साचले, तर ते बरोबर १ लिटर भरते. मुलांना हे घनफळ काढून पडताळू द्या.

मग २६ जुलै २००५ चा आकडा द्या. त्या दिवसाच्या नोंदीत सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस होता आणि कुलाब्यात सुमारे ७४. शाळेची गच्ची २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद धरली, तर तिच्यावर सांताक्रूझच्या हिशेबाने १,८८,८०० लिटर, म्हणजे २०० लिटरची ९४४ पिंपे पाणी पडले. एकाच शहरात इतका फरक असू शकतो, म्हणून एका ठिकाणचे माप सगळीकडे लावता येत नाही. बोरिवलीच्या आणि घाटकोपरच्या शाळांनी महिनाभर नोंदींची देवाणघेवाण केली, तर हे मुलांना स्वतःच्या आकड्यांत दिसेल.

मोठ्या संख्यांसाठी तलाव घ्या. महापालिका तलावांतला पाणीसाठा दशलक्ष लिटरमध्ये जाहीर करते. राष्ट्रीय उद्यानातल्या तुळशी तलावाची क्षमता सुमारे ८,०४६ दशलक्ष लिटर आहे आणि शहराला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवले जाते. भागाकार मुलांनी करावा. भरलेला तुळशी शहराला जेमतेम दोन दिवस पुरेल, या उत्तरावर वर्गात बोलणे होऊ द्या.

क्षेत्रफळ आणि परिमिती यांचा गोंधळ मैदानात सुटतो. मुंबईत घराचे बोलणे चौरस फुटांत होते, म्हणून ३०० चौरस फूट घ्या. एका गटाने १५ × २० फुटांचा, दुसऱ्याने १२ × २५ चा, तिसऱ्याने १० × ३० चा आयत चुन्याने आखावा. तिन्हींचे क्षेत्रफळ एकच, पण परिमिती ७०, ७४ आणि ८० फूट. कोणत्या घराला भिंतीचे काम जास्त, कोणत्यात पलंग, ओटा आणि अभ्यासाची जागा नीट बसते, हे आत उभे राहून ठरवावे. हेच क्षेत्रफळ सुमारे २७.९ चौरस मीटर होते, हेही त्यांनी मोजून काढावे.

सायकलच्या चाकाला खडूची खूण करून ते एक फेरी फिरवा आणि कापलेले अंतर मोजा. वेगवेगळ्या चाकांचा, डब्यांचा, ताटल्यांचा परीघ व्यासाने भागा. उत्तर दरवेळी ३ हून थोडे जास्त येते. चाकाच्या फेऱ्या मोजून अंतर काढता येते, हे समजले की रिक्षाचा मीटर कसा चालतो तेही कळते. किमान भाड्याचे १.५ किलोमीटर शाळेपासून कुठवर जातात, हे चाकाच्या फेऱ्यांवरून नकाशात दाखवायला सांगा.

फार लहान माप कसे घ्यायचे? २०० पानी वहीत १०० कागद असतात. ते ८ मिलिमीटर जाड भरले, तर एका कागदाची जाडी ०.०८ मिलिमीटर. एकाची जाडी मोजता येत नसेल तर अनेकांची मोजून भागावी, ही युक्ती पुढे प्रयोगशाळेतही चालते.

या वयात मापातल्या चुकीविषयी मोकळेपणाने बोला. वर्गातल्या प्रत्येकाने एकच फळा मिलिमीटरपर्यंत मोजावा आणि माप गुपचूप चिठ्ठीवर लिहावे. सगळ्या चिठ्ठ्या भिंतीवर संख्यारेषेवर चिकटवा. आकडे एका जागी न पडता एका ठिकाणाभोवती दाटतील, एखादा फार लांब पडेल. कोणाचे उत्तर खरे, या प्रश्नाऐवजी ‘फळा एवढ्या ते एवढ्या दरम्यान आहे’ असे म्हणायला मुले शिकतात. विज्ञानाची सुरुवात इथे होते.

नववी आणि दहावी: हात न लावता मोजणे

समोरच्या इमारतीची उंची जमिनीवरून काढा. १ मीटरची काठी उभी करून तिची सावली मोजा आणि त्याच क्षणी इमारतीचीही. काठीची सावली ६० सेंटीमीटर आणि इमारतीची ९ मीटर असेल, तर इमारत १५ मीटर उंच. समरूप त्रिकोण वहीतून कंपाउंडमध्ये येतात.

सावली पडत नसेल तेव्हा कोनमापकाला स्ट्रॉ चिकटवा आणि मध्यबिंदूतून दोऱ्याला नट टांगा. स्ट्रॉमधून इमारतीचे टोक पाहताना दोरा ९० पासून जितका सरकतो, तितका उन्नत कोन. ४५ अंश येईपर्यंत मागे सरका. तिथून इमारतीपर्यंतचे अंतर आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची यांची बेरीज म्हणजे इमारतीची उंची. दहावीचे त्रिकोणमिती गुणोत्तर मग ४५ शिवायच्या कोनांसाठी वापरा.

मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने साधारण १५ मे आणि २७-२८ जुलैला सूर्य अगदी डोक्यावर येतो. मेमध्ये दुपारी साडेबाराच्या थोडे पुढे उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. जुलैत ढग असतात आणि मेमध्ये सुट्टी, म्हणून हा उपक्रम सोसायटीच्या आवारात घरच्यांसोबत करायला द्या. सावली सर्वांत लहान होते तो क्षण १२ वाजता का येत नाही, हा प्रश्न मुलांना रेखांशापर्यंत नेईल.

वेळेसाठी लोलक. १ मीटर दोरीला नट बांधून २० आंदोलनांचा वेळ घ्या आणि २० ने भागा. एका आंदोलनाला सुमारे २ सेकंद लागतात. दोरी २५ सेंटीमीटर केली की सुमारे १ सेकंद. लांबी चौपट, वेळ दुप्पट. नट जड केल्याने काय होते, हे आधी अंदाज वहीत लिहून घ्या.

वेगासाठी मेट्रो आणि लोकल. वर्सोवा ते घाटकोपर ही मेट्रो ११.४ किलोमीटर अंतर सुमारे २१ मिनिटांत कापते. सरासरी वेग काढा, मग दोन स्थानकांमधला वेळ घेऊन तुलना करा. लोकलच्या मार्गावर विजेच्या खांबांवर किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक लिहिलेला असतो. पश्चिम मार्गावर हे अंतर चर्चगेटपासून, मध्य मार्गावर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मोजतात. खिडकीशी बसून किलोमीटरचा आकडा बदलल्यापासून पुन्हा बदलेपर्यंतचा वेळ घ्यावा. ९० सेकंद लागले तर वेग ताशी ४० किलोमीटर. ही नोंद पालकांसोबत, आत बसूनच करायची. दाराशी उभे राहायचे नाही आणि फलाटावर काही मोजायचे नाही, हे बजावून सांगा.

वर्ग सांभाळताना

आपल्या शाळांत जागा कमी, पटसंख्या जास्त आणि दोन सत्रांमुळे वर्ग वेळेत मोकळा करावा लागतो. चार-चार मुलांचे गट करा आणि कामे वाटा: मोजणारा, पट्टी धरणारा, नोंद करणारा, तपासणारा. दर वेळी कामे बदला. नाहीतर मुलगे मोजतात आणि मुली वहीत लिहितात, असे होत राहते. ओले उपक्रम व्हरांड्यात, लांबीचे वर्गात, क्षेत्रफळाचे मैदानात किंवा जवळच्या सोसायटीची परवानगी काढून. एका तासाला एकच प्रश्न पुरे.

मुलांची वजने सर्वांसमोर मोजू नका. कुणाचे घर किती चौरस फूट, हे वर्गात विचारू नका. मापाने कुणाला लाज वाटली, तर त्या मुलाचे मोजणे तिथेच थांबते. दृष्टिबाधित मुलांसाठी दर १० सेंटीमीटरवर गाठ मारलेली दोरी ठेवा. तिचा उपयोग सगळ्यांनाच होतो.

शिकले का, हे कसे ओळखावे

रूपांतराची उदाहरणे असू द्या, पण मूल्यमापन त्यांच्यावरच थांबवू नका. असे प्रश्न विचारा: मोडक्या पट्टीवर ही रेघ किती? फुटपट्टी नसताना बाकाची लांबी कशी काढशील? दुकानापासून बसथांब्यापर्यंतच्या अंतरासाठी कोणते एकक घेशील आणि का? दोन मित्रांची मापे वेगळी आली, आता काय करशील? शेवटच्या प्रश्नाला ‘पुन्हा मोजू’ असे उत्तर आले, तर तो विद्यार्थी पुढे गेला आहे.

पालकांनाही काम द्या. बाजारात वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा पडताळणीचा शिक्का मुलाला शोधू द्या. पिशवीतल्या कांद्यांच्या वजनाचा अंदाज आधी मुलाने सांगावा, मग काटा पाहावा. दूध, तेल, औषध मोजण्याचे काम त्याच्याकडे सोपवा.

हे सगळे एकदम सुरू करू नका. या महिन्यात आपल्या इयत्तेतला एक उपक्रम निवडा आणि अंदाज वह्या सुरू करा. वर्षअखेरीस मोडक्या पट्टीची चाचणी पुन्हा घ्या. मोजता येणारे मूल पुढे घराचे चटई क्षेत्र, पाण्याचे बिल किंवा औषधाची मात्रा दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून मान्य करणार नाही. ते स्वतः मोजून पाहील, आणि ही सवय त्याला शाळेनेच लावायला हवी.